बदल करणाऱ्याचं नाव

परवा दुपारी एक मुलगी ऑफिसात आली. गाडी दोन वर्षांची, इंजिनाच्या कॉम्प्युटरात पुण्याहून काहीतरी बदल करून घेतलेला, आता आधीपेक्षा दीडपट जोरात पळते म्हणे. पॉलिसीचं नूतनीकरण होतं. फॉर्ममधल्या एका रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे का? बाहेरून तर काही दिसत नाही."

मी नियम सांगणार होते. कंपनीनं विमा उतरवलाय तो कारखान्यातून आली तशा गाडीचा. इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक तेच राहिले, तर ती वेगळी गाडी झाली, आणि न कळवलेल्या बदलावर दावा नाकारता येतो. बारामतीत या खुर्चीवर बसून इतकी वर्षं मी हेच सांगत आले आहे. पण त्या दिवशी तोंडून निघालं ते वेगळंच. "लिहून द्या. नाहीतर गाडी स्वतः सांगेल."

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मलाही जरा चमकल्यासारखं झालं. ते वाक्य माझं नव्हतं, कोकरे आबांचं होतं.

धुळाजी कोकरे. आमच्या भागातल्या अपघाती गाड्यांची पाहणी करून कंपनीला अहवाल देणारे सर्व्हेअर. गाव इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. आबांनी आयटीआय केलं, इंदापुरात हायवेच्या कडेला मेकॅनिक म्हणून नाव काढलं, मग एकाएकी ते सगळं सोडून डिप्लोमा केला आणि सर्व्हेअरचा परवाना मिळवला. मी ऑफिसात लागले तेव्हा ते पन्नाशीत असतील. उंच, वाळलेले, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाळ्यातही गळ्याचं बटण लावलेलं. स्वतःची गाडी नव्हती. कुणाच्या गाडीत बसत नसत. एसटीनं जात आणि उरलेलं चालत.

त्यांची एक सवय होती, ती आम्हा सगळ्यांना माहीत झाली होती. बोलता बोलता रस्त्यानं एखादी डिझेल जीप गेली की ते वाक्याच्या मध्येच थांबत. मान किंचित कलती करत. जीप लांब जाऊन आवाज पुरता विरेपर्यंत तसेच राहत, आणि मग जिथं तोडलं होतं त्याच शब्दापासून पुढं बोलत. नवीन माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. खरं तर उलट होतं.

त्यांच्या पिशवीत टेप, खडू, कॅमेरा आणि हातभर लांब, लाकडी मुठीचा एक पेचकस असे. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक टेकवून मूठ कानाला लावली की आतला आवाज ऐकू येतो, ही मेकॅनिकांची जुनी युक्ती. पण आबा बंद पडलेल्या इंजिनालाही ऐकायचे. चेंदामेंदा झालेल्या, आठ आठ दिवस पावसात पडून असलेल्या गाड्यांसमोर ते उकिडवे बसत, पेचकस टेकवत आणि डोळे मिटत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गॅरेजवाले आधी हसायचे. मग हसायचे बंद झाले.

मी ते पहिल्यांदा पाहिलं काटेवाडीच्या एका गाडीच्या वेळी. संपतराव म्हणून दूधधंद्यातले गृहस्थ, त्यांची गाडी रस्त्यातल्या मोरीवरून कालव्यात गेली होती. ते कसेबसे काचेतून बाहेर आले, हात मोडला. गाडी तीन दिवसांनी क्रेननं काढली आणि गॅरेजच्या मागच्या अंगणात ठेवली. फोटो आणि कागद यांसाठी मी आबांबरोबर गेले होते. इंजिनात गाळ भरलेला, बॉनेटखालून अजून पाणी ठिबकत होतं. संपतराव प्लास्टरातला हात धरून उभे होते. म्हणाले, आडवं कुत्रं आलं, ब्रेक लागलाच नाही.

आबा बसले, पेचकस टेकवला, डोळे मिटले. अंगणात दोघं जण पत्रा ठोकत होते, ते आपोआप थांबले. गाळानं भरलेल्या लोखंडाला कान लावून बसलेला तो माणूस आणि भोवती आम्ही चार-पाच जण श्वास धरून. बराच वेळ गेला. मग डोळे न उघडता आबा म्हणाले, "मोरीच्या लई अलीकडनंच घाबरला व्हता तुमी."

संपतरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"कुत्रं न्हवतं," आबा म्हणाले. "ताकद कवा वाढिवली?"

संपतराव तिथंच टायरवर बसले. सांगून टाकलं. महिन्यापूर्वी इंजिनाची सेटिंग बदलून घेतली होती. एजंटला तोंडी बोललो होतो, म्हणाले. आबांनी मान हलवली आणि एवढंच म्हणाले की तोंडानं सांगितलेलं कागदाला ऐकू जात नाही. दावा नामंजूर झाला.

परत येताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, सोपं आहे, ब्रेकच्या डिस्का जळून निळ्या पडल्यात. घाबरलेला माणूसच लांबून इतका दाबत येतो. हे पटण्यासारखं होतं. मला बरंही वाटलं. फक्त ऑफिसात फोटो लावताना माझ्या ध्यानात आलं की गाडीची चाकं गॅरेजवाल्यांनी खोलली ती आबा उठल्यानंतर, मी फोटो मागितले म्हणून. तोवर चारही चाकांवर हाताच्या पंजाइतका चिखल होता.

हे मी कधी त्यांना बोलून दाखवलं नाही.

एरवी माणूस साधा होता. गॅरेजात चहा घेत नसत, आमच्याकडं मात्र दोन कप पीत. मला ताई म्हणत. माझी आई आजारी होती तेव्हा निरवांगीहून डाळिंबं घेऊन आले होते, टेबलावर ठेवून गेले. पण एखाद्या अहवालावर सही करायची वेळ आली की त्यांचा हात कागदावर जरा थबके. एकदा मी म्हटलं, आबा, सही विसरलात का. म्हणाले, "न्हाय ताई. एक सही लई वर्सांपूर्वी चुकीच्या जागी केलती. तवापासनं हात इचारून घेतो."

त्या सहीचा अर्थ कळायला मोरगावच्या तावरे बाई याव्या लागल्या.

तावरे बाई शाळेत शिक्षिका. नवरा वर्षभरापूर्वी हृदयविकारानं गेला होता. त्याला जुन्या जीपचा नाद. एक जीप घेऊन, बाजारातून जुनं इंजिन आणून बसवून त्यानं ती हौसेनं उभी केली होती. बाई आता तीच चालवायच्या, मुलीला रोज बारामतीच्या कॉलेजात सोडायच्या. विम्याची मुदत संपत आली म्हणून आल्या आणि आपण होऊन म्हणाल्या, ह्यांनी इंजिनाचं काहीतरी केलं होतं, काय ते मला माहीत नाही, पण कळवलेलं नसेल तर कळवायचं आहे. असं स्वतःहून सांगणारं माणूस विरळा. आबा नेमके ऑफिसात होते. मी म्हटलं, तुम्हीच पाहून घ्या.

भर दुपार होती. जीप आमच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला. बाईंनी किल्ली फिरवली. आबा पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होते, ते दुसऱ्या पायरीवरच थांबले. पेचकस पिशवीतच होता. मान कलती झाली. मी दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं, आणि ते माणूस जिवंत नाही हे आपल्याला माहीत असावं, तसा तो चेहरा झाला होता.

"बंद करा," ते म्हणाले.

बाईंनी जीप बंद केली आणि हसून सांगितलं, चांगली चालते हो, फक्त कधी कधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी जरा ओढत राहते.

आबा पायरीवर बसले.

थोड्या वेळानं उठून त्यांनी बॉनेट उघडलं. डिझेल पंपाच्या बाजूला हात घातला, बोटानं चाचपलं आणि मला बोलावलं. पंपावर एक छोटा स्क्रू असतो, इंजिनाला किती डिझेल जायचं ते त्यावर ठरतं. कारखान्यात त्याला सील मारतात. इथं सील नव्हतं, आणि स्क्रूच्या नटावर कानशीनं घासलेल्या तीन बारीक रेघा होत्या. "ह्या माझ्या हायत," आबा म्हणाले.

बाईंना त्यांनी किल्ली इथंच ठेवून एसटीनं जायला सांगितलं. बाई गोंधळल्या, पण आबांच्या आवाजात असं काही होतं की वाद न घालता निघाल्या. मग आतल्या खोलीत बसून आबांनी मला सगळं सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

इंदापुरात मेकॅनिक असताना इंजिनाचा जोर वाढवून देण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हता. निरवांगीचा मारुती त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार, प्रवासी जीप चालवायचा. भरलेली जीप चढाला दमते म्हणाला. आबांनी पंपाचं सील तोडलं, स्क्रू फिरवला आणि आपली खूण म्हणून नटावर तीन रेघा ओढल्या. त्यांच्या हातच्या इंजिनाचा एक ठोका बाकीच्यांपेक्षा किंचित आधी पडायचा, ऐकणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. पुढं विमा कंपनीनं दाखला मागितला तेव्हा गाडीच्या इंजिनात कसलाही बदल नाही, या कागदावर मेकॅनिक म्हणून सही केली तीही आबांनीच.

दोन महिन्यांत मारुती उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागीच गेला. मागं बसलेल्या एका बाईनं सांगितलं, मारुती ओरडत होता की पाय काढलाय, तरी ओढतीया. सगळ्यांना वाटलं, बाई भेदरून काहीबाही बोलते. आबांना कळलं. ते बोलले नाहीत. बोलले असते तर मारुतीच्या बायकोला गाडीच्या विम्याचं काही मिळालं नसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जीप भंगारात गेली, पण इंजिन धड होतं. कागदावर त्यात काही बदल नव्हता. म्हणून ते चांगलं इंजिन म्हणून विकलं गेलं.

आबांनी गॅरेज बंद केलं. सर्व्हेअर झाले. चौथ्या वर्षी भिगवणच्या बाजूला दुधाच्या कॅनची एक गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, तिच्या पाहणीला ते गेले. ड्रायव्हर दवाखान्यात होता, दोन दिवस जगला. त्यानं जबाब दिला होता की पाय काढला तरी गाडी ओढत होती. आबांनी बॉनेट उचललं आणि आत त्या तीन रेघा होत्या.

"तवा तरी बोलायचं व्हतं," ते म्हणाले. "म्या अहवालात लिवलं, पंपात छेडछाड हाय. कुणी केली ते लिवलं न्हाय. इंजिन परत बाजारात ग्येलं. म्या लई हुडकलं. भंगारवाल्यांकडं ग्येलो, रस्त्यावर कान लावून फिरलो. न्हाय घावलं. आज आपल्या पायानं दारात आलं."

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. खिडकीतून ती जीप दिसत होती, उन्हात उभी. इंजिन बंद करून अर्धा तास झाला असेल. मला उगीचच वाटलं की बॉनेट थरथरतंय. मी खिडकी लावली.

आबांनी फॉर्म मागितला. जीपचा घोषणापत्राचा फॉर्म, त्यात केलेल्या बदलाचं वर्णन, आणि खाली एक रकाना, जो कुणीच भरत नाही. बदल करणाऱ्याचं नाव. त्यांनी तिथं लिहिलं, धुळाजी कोकरे, तेव्हाचे मेकॅनिक, इंदापूर. पुरवणी कागद जोडून आधीचे दोन्ही अपघात लिहिले, मारुतीचं नाव लिहिलं, खोट्या दाखल्याचं लिहिलं. त्या दिवशी त्यांचा हात कुठं थबकला नाही.

फॉर्म वर गेल्यावर पुण्याहून साहेबांचा फोन आला. चांगला माणूस होता. म्हणाला, आबा, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला, इंजिन बदलून टाका आणि साधा फॉर्म भरा, तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, त्यो रिकामा ठिवल्यामुळंच दोन माणसं ग्येली." फोन ठेवला.

चौकशी लागली. परवाना निलंबित झाला आणि पुढं त्यांनी तो परत मागितलाच नाही.

पण त्याआधी त्यांना एक काम करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी मला बरोबर नेलं. साक्षीला कुणीतरी असावं म्हणाले. निरवांगीत मारुतीच्या बायकोच्या, हिराबाईंच्या घरी आम्ही गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. हिराबाई अंगणात मका सोलत बसल्या होत्या. मी कडेला पोत्यावर बसले. आबा उभेच राहिले. फॉर्मची प्रत त्यांनी हातात धरली होती, पण वाचली नाही. तोंडानंच सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सहीसकट.

हिराबाईंचे हात थांबले नाहीत. कणीस संपलं, तेव्हा त्यांनी ते टोपल्यात टाकलं.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्याच रातीला सांगितलं व्हतं, धुळानं गाडीत जीव घातला म्हणून. लई खूश व्हते." मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "दर दिवाळीला तुमी यायचा, पोरांला कापडं आणायचा. म्या म्हणायची, आज सांगतील. आज सांगतील. पोरं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली."

आबांनी हातातली प्रत घडी करून खिशात ठेवली.

"त्या इंजिनाचं आता काय केलं?" हिराबाईंनी विचारलं.

आबा म्हणाले, काढून घेतलंय, बाईंच्या जीपला दुसरं बसवून दिलंय. ते इंजिन माझ्या घरामागं आहे.

हिराबाई उठल्या. "दावा मला," म्हणाल्या.

आम्ही तिघं गेलो. शेवग्याखाली दोन ओंडक्यांवर ते इंजिन ठेवलं होतं. डिझेलची नळी नाही, बॅटरी नाही, काहीच जोडलेलं नाही, नुसता लोखंडाचा ओबडधोबड गोळा. शेजारच्या खोपीतल्या शेळ्या दाव्याला ताण देऊन पलीकडच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. आबा म्हणाले, आणल्यापासून त्या तशाच उभ्या असतात, या बाजूला तोंड करत नाहीत. हिराबाईंनी जवळ जाऊन त्याच्यावर हात ठेवला. आजारी माणसाचं अंग पाहावं तसा. जरा वेळानं हात काढला आणि आपल्या तळव्याकडं बघत म्हणाल्या, "गरम हाय."

सकाळची वेळ होती, शेवग्याची दाट सावली होती. आबांनी हात लावून बघितला नाही. मीही नाही.

पुढच्या काही आठवड्यांत आबांनी ते इंजिन खोललं. एकट्यानं, दिवसाउजेडी. पिस्टन, दांडा, हेड, ब्लॉक. भंगारवाल्याला सगळं एकत्र दिलं नाही, कारण भंगारवाला ते परत जोडून विकेल. ब्लॉक त्यांनी घणानं फोडला आणि तुकडे वेगवेगळ्या गावांत नेऊन दिले, असं मला तावरे बाईंनी सांगितलं. त्या अधूनमधून त्यांची चौकशी करायला जायच्या. त्यांनीच सांगितलं की फक्त पंप राहिलाय. तो फुटत नाही, आणि कुणाला द्यायचा आबांना धीर होत नाही.

मला ते शेवटचे दिसले इंदापूरच्या स्टँडवर. मी एका कामासाठी तिकडं गेले होते, परतीच्या गाडीची वाट बघत होते. दुपारची गर्दी. समोर कोल्हापूरकडं जाणारी गाडी लागली होती आणि खिडकीत आबा. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. खूप खंगले होते. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली. त्यांनी ओळखलं, हसले. म्हणाले, तिकडं एक ओतकाम करणारा कारखाना आहे, ओळखीच्या माणसानं सांगितलंय, पंप भट्टीत माझ्यासमोर टाकून देतील. वितळताना डोळ्यांनी बघायचं आहे, म्हणजे झालं.

खिडकीकडची जागा त्यांनी स्वतः घेतली नव्हती. तिथं घोंगडीत गुंडाळलेलं एक गाठोडं ठेवलं होतं, कलिंगडाएवढं, सुतळीनं आवळलेलं. पलीकडच्या जागेवर आबा, गाठोड्यावरून वाकून माझ्याशी बोलत होते. म्हातारं माणूस दवाखान्याला नेताना वारा लागावा म्हणून त्याला खिडकीशी बसवतात, तसं ते बसवलेलं होतं.

गाडी भरत आली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन आत चढली, इकडंतिकडं बघत आबांच्या बाकाशी थांबली आणि गाठोड्याकडं हात करून म्हणाली, "हे जरा खाली ठिवता का, आबा? हितं कुणी न्हाय न्हवं?"

आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग त्या गाठोड्याकडं. मग स्वतः उठून उभे राहिले आणि तिला आपली जागा दिली.

"तुमी हितं बसा, माय," ते म्हणाले. "तितं कुणीतरी हाय."

गाडी सुटली. आबा दांडीला धरून उभे होते, एक हात गाठोड्यावर. ती बाई अंग चोरून, बाकाच्या अगदी कडेला बसली होती.